रविवारी पहाटे पावणेपाच

शनिवारी सकाळी अकरा वाजता बॅकअप कंपनीचा, ब्रिस्बेनचा क्रेग मला फोनवर विचारत होता, "मॅडम, एकदा बंद करून पुन्हा चालू करून बघितलंत का?"

चौथ्यांदा. मी मोजत होते.

"क्रेग, तुझ्यासमोर प्रश्नांचा कागद आहे ना? त्यातले पहिले सहा प्रश्न फाडून फेक आणि सातव्यापासून सुरू कर."

"चिडू नका, मॅडम. स्क्रीनवर नेमकं काय दिसतंय तुम्हाला?"

गुरुवारी दिसत होतं तेच दिसत होतं. डेटाबेस वाचता येत नाही, नोंदी खराब झाल्या आहेत. खाली एक लांबलचक आकडा, आणि एकच बटण: ठीक आहे. काय ठीक आहे? आमच्या हॉस्पिटलच्या सर्व्हरच्या दोन्ही डिस्क बुधवारी एकदम गेल्या होत्या. समुद्राचा खारा वारा इथे मोटारी खातो, तिथे डिस्कची काय कथा. त्याचं मला काही वाटलं नव्हतं, कारण बॅकअप होता. तो मी स्वतः बसवला होता. बेटावर कॉम्प्युटरचं काम करणारी मी एकटी, आणि त्याचा मला तोराही होता.

बॅकअपच्या डिस्कवर प्रत्येक पेशंटच्या चित्रांचे तुकडे करून ठेवलेले असतात. कोणता तुकडा कुणाचा आणि कुठे ठेवलाय, हे लिहून ठेवणारी वही म्हणजे तो डेटाबेस. वही फाटली की तुकडे असूनही नसल्यासारखे. आणि मला त्यातलं एकच चित्र हवं होतं: पेलेनाइसे वाइपुलु, वय तेरा, हृदयाची सोनोग्राफी, गेल्या वर्षीच्या जूनमधली.

पेलेच्या हृदयाची एक झडप गळत होती. ऑकलंडहून आलेले डॉक्टर प्रिंगल आठवडाभर पोरांच्या छात्या तपासत होते, आणि ऑपरेशनला ऑकलंडला न्यायला त्यांच्याकडे चार जागा होत्या. तीन ठरल्या होत्या. चौथ्या जागेसाठी पेले आणि दुसऱ्या बेटावरचा एक मुलगा.

"आत्ता दोघांच्या झडपा सारख्याच दिसतायत," प्रिंगल मला म्हणाले होते. "पण हिची वर्षात किती बिघडली ते मला मोजायचंय. झपाट्याने बिघडली असेल तर ही वर्षभर थांबू शकणार नाही, मग जागा हिची. जुनं चित्र आणा."

"तेव्हाचा कागद आहे ना फाइलमध्ये?"

"त्यावर लिहिलंय, 'थोडी गळती, पुन्हा दाखवा.' थोडी म्हणजे किती? दोन शब्दांवर मी दुसऱ्या पोराची जागा काढून घेऊ?"

त्यांचं विमान सोमवारी सकाळी आठला होतं.

पेलेची आई अनासेइनी वॉर्डाच्या व्हरांड्यात चटई टाकून राहिली होती. मी येता-जाता ती उठून उभी राहायची. मोठी धिप्पाड बाई, बाजारात कलिंगडं विकते, तिच्या आवाजाला लोक बिचकतात. पण माझ्यापुढे आवाज खाली.

"सापडेल ना गं?"

"सापडणार म्हणजे काय! बॅकअप आहे, अनासेइनी. त्यासाठीच तर असतो तो."

हे मी बुधवारी म्हटलं. गुरुवारी म्हटलं. शुक्रवारी जरा घाईघाईने म्हटलं.

"मॅडम," क्रेग म्हणाला, "मग आता रिपेअर दाबा."

"आधी खराब फाइलची नक्कल काढून ठेवते. तुमचं रिपेअर म्हणजे न समजलेल्या नोंदी उचलून बाहेर फेकणं."

"तसं इथे कुठे लिहिलेलं नाही."

"तुझ्या कागदावर नसेल. ज्यांचं गेलंय ना, त्यांना विचार."

नक्कल काढली. मग रिपेअर चालवलं. बारा मिनिटांनी ते म्हणालं, नोंदी दुरुस्त होण्यापलीकडे आहेत. क्रेग पहिल्यांदाच कागद सोडून माणसासारखा बोलला.

"मग एकच उरतं. ती वही विसरायची. डिस्कवरचा एकेक तुकडा वाचून नवी वही तयार करायची. तुमच्या यंत्रावर पंचवीस-सव्वीस तास लागतील. आणि मध्ये यंत्र बंद पडता कामा नये. पडलं तर पुन्हा पहिल्यापासून."

शनिवारी साडेअकराला सुरू केलं तर रविवारी दुपारी दीड. जमत होतं.

"एक विचारू?" क्रेग म्हणाला. "तुम्ही पाठवलेल्या नोंदी बघतोय. तुमचं यंत्र दर रविवारी पहाटे अचानक बंद होतं आणि सोमवारी सकाळी सहाला चालू होतं. वर्षभर. वही त्यामुळेच फाटली. ती लिहीत असतानाच दर वेळी वीज जाते."

"वीज कंपनी," मी दात खाऊन म्हटलं. "माहितीये मला."

खरंच माहीत होतं. बॅकअप मीच शनिवारी रात्री बारापासून लावला होता, कारण रविवारी सोनोग्राफी बंद, सगळंच बंद. पहिल्या काही सोमवारी त्या यंत्राचं ई-मेलने पत्र आलं होतं, 'काम संपलं, काही त्रुटींसह', कारण वीजपुरवठा तुटला. मी वीज कंपनीला खरमरीत अर्ज लिहिला. त्यांनी बघतो म्हणून कळवलं. नंतर दर सोमवारी तेच पत्र बघून डोकं उठायला लागलं, म्हणून ती पत्रं परस्पर एका कोपऱ्यात जाऊन पडतील अशी सोय करून टाकली.

पण उद्याही पहाटे वीज गेली तर? मी वीज कंपनीच्या मोसेसेला फोन लावला. तो माझ्याबरोबर शाळेत होता.

"मोसेसे, उद्या पहाटे जर तुम्ही वीज घालवलीत ना, तर तुझ्या घरी येऊन तुझं डुक्कर मारीन."

"कशाला घालवू? रविवारी पहाटे? अख्खं बेट त्या वेळी चर्चला जायला कपड्यांना इस्त्री करत असतं. वीज गेली तर लोक माझीच इस्त्री करतील."

"मग वर्षभर माझं यंत्र का बंद पडतंय?"

"आमच्या वहीत रविवारच्या पहाटेचं एकही खोळंब्याचं टिपण नाही, लोसा. वर्षभरात एकही नाही. येऊन बघ. तुझ्या अर्जाला आधी 'बघतो' म्हणून कळवलं, मग बघितलंही आम्ही. दुसऱ्या पत्रात हेच लिहून पाठवलं होतं. वाचलं नाहीस?"

वाचलं नव्हतं. मी फोन ठेवला आणि त्या नोंदी उघडल्या. वर्षभरात पहिल्यांदा नीट वाचल्या. पावणेपाच. चार सत्तेचाळीस. पावणेपाच. मध्येच मे महिन्याच्या पहिल्या रविवारी, चार वाजता. वीज असं वागत नाही, असं माणूस वागतो. मेचा पहिला रविवार पोरांचा असतो. त्या दिवशी आमच्या चर्चची घंटा पाऊण तास लवकर होते, कारण पोरांना नवे कपडे घालून, तेल लावून, रांगेत उभं करायचं असतं. त्या दिवशी गावात सगळ्यात आधी एकच माणूस घराबाहेर पडतो. ज्याला घंटा वाजवायची असते तो.

तोच माणूस हॉस्पिटलचा रखवालदार होता. सगळ्या खोल्यांच्या किल्ल्या त्याच्या गळ्यात असायच्या. कितिओने त्याचं नाव, आणि मी त्याची मुलगी.

तळपायाची आग मस्तकात गेली. नवी वही सुरू करून, खोलीला कुलूप लावून मी घराकडे निघाले ती जवळजवळ धावतच.

बाबा अंगणात नारळ खवत बसले होते. शनिवारी दुपारी सगळ्यांच्याच अंगणात हे चालतं, उद्याचं जेवण शिजतं त्या जमिनीतल्या भट्टीची तयारी. शेजारच्या दोन बाया अळूसारखी तारोची पानं निवडत होत्या. आमच्यात मुलगी बापाच्या ताटातलं उष्टं खात नाही, त्याच्या डोक्याला हात लावत नाही, त्याच्यासमोर उभ्याने बोलत नाही. मी उभ्यानेच ओरडले.

"बाबा, दर रविवारी तुम्ही माझं यंत्र बंद करता?"

खवणीवरचा हात थांबला. त्यांनी वर बघितलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावर चोरी पकडली गेल्याची लाजसुद्धा नव्हती. उलट जरासं हसू होतं.

"कळलं का तुला? हळूच करतो गं मी. सोमवारी तू यायच्या आत चालू करून ठेवतो."

"का पण?"

"का म्हणजे? रविवार असतो ना, देवाचा दिवस, काम वर्ज्य. घंटेला जाताना चक्कर मारतो, तर दिवा लुकलुकत असतो. कामात असतं ते. त्यावर तुझं नाव चिकटवलंय, सांभाळणार लोसालिने कितिओने. ते रविवारी राबतंय म्हणजे तूच राबतेयस. वरती हिशेब तुझ्या नावावर होतो, यंत्राच्या नाही."

"हॉस्पिटल रविवारी चालू असतं! नर्सेस काम करत नाहीत?"

"त्या माणसांना सांभाळतात. ते यंत्र रविवारी कुणाला सांभाळत होतं? ज्या कामाला सहा दिवस पडलेत ते तू सातव्या दिवसावर ढकललंस. मला वाटलं, पोर शिकली, विसरली. विसरू दे. मी आहे ना लक्ष ठेवायला."

माया होती त्यात. तेच तर मला सहन होईना. मी त्या बायांच्या देखत बापाला मूर्ख म्हटलं. म्हातारा, अडाणी, मूर्ख. पेलेचं सांगितलं, जागा एकच उरलीये ते सांगितलं. "तुमच्या त्या पुण्यापायी एका पोरीचा जीव टांगणीला लागलाय. उद्या दिवसभर ते यंत्र चालणार. हात लावलात तर बाप म्हणणार नाही!" आणि त्यांच्या गळ्यातल्या किल्ल्या मी माझ्या हाताने काढून घेतल्या. बायांनी माना खाली घातल्या. अर्धा खवलेला नारळ बाबांच्या हातात तसाच होता.

रविवारी मी उजाडायच्या आत यंत्रापाशी जाऊन बसले. दिवा लुकलुकत होता. पावणेपाचला दारात सावली पडली. बाबा पांढरा सदरा, कमरेला चर्चला जाताना गुंडाळायची चटई, हातात बायबल घेऊन उभे होते.

"हात लावू नका," मी म्हटलं.

"नाही लावत."

ते थोडा वेळ त्या दिव्याकडे बघत राहिले. मग घंटेकडे गेले. घंटा पाच मिनिटं उशिरा वाजली. चाळीस वर्षांत पहिल्यांदा, असं नंतर लोक म्हणाले. गाणी सुरू झाली. खिडकीतून ऐकू येत होती, आणि रविवार असून मी अशी एका पेटीसमोर बसून आकडे मोजत होते. सत्तर टक्के. ऐंशी. सकाळचं मोठं चर्च सुटल्यावर बाबा परत आले, केळीच्या पानात झाकलेलं जेवण माझ्यापुढे ठेवलं आणि दाराशी जमिनीवर बसले. मी जेवले नाही. त्यांच्याशी बोललेही नाही. माझा राग उतरलेला नव्हता आणि उतरू देण्याची माझी इच्छाही नव्हती. राग होता तोवर दुसरं काही सुचत नव्हतं, आणि तेच बरं होतं.

पावणेदोनला काम संपलं. त्रुटी नाही. नवी वही उघडली. हजारो चित्रं, आडनावांच्या इंग्रजी अक्षरांच्या क्रमाने. मी हसले, मोठ्याने हसले, आणि खाली खाली जायला लागले. फाका, हालापुआ, लातू, मोआला, ताउफा. ताउफा, ताउफा, ताउफा. त्याच्या पुढे यू आणि व्ही. वाइपुलु होतं.

एकच फाइल. पेलेच्या मोडलेल्या हाताचा एक्स-रे, दोन वर्षांपूर्वीचा. बॅकअप बसवला तेव्हा पहिली पूर्ण नक्कल मी समोर बसून, मधल्या वारी काढली होती. त्यात तो आला होता.

जूनमधलं हृदयाचं चित्र नव्हतं.

मी पुन्हा शोधलं. नावाने, तारखेने, नंबराने. मग समजलं. दर रविवारी वही लिहिता लिहिता फाटायची. पुढच्या रविवारी फाटकी वही बघून बॅकअप पुन्हा ए पासून सगळं तपासायला लागायचा. पावणेपाचपर्यंत कसाबसा टी पर्यंत पोचायचा. मग बाबा यायचे. वर्षभर हेच. टी च्या पुढच्या एकाही माणसाचं एकही नवं चित्र आमच्याकडे कधी जमाच झालं नव्हतं. हरवलं नव्हतं. बॅकअपने मुळात घेतलंच नव्हतं.

"सापडलं?" बाबांनी विचारलं.

मी सांगितलं. ओरडले नाही. साध्या शब्दांत सगळं सांगितलं, ए पासून टी पर्यंत, सोमवारच्या पत्रांसकट. त्यांना यंत्रातलं काही कळत नाही, पण हे कळलं. ते उठले आणि मागच्या कुंपणाकडे गेले. इफीच्या झाडाची फांदी त्यांनी मोडली. रविवारी झाडाचं पान तोडताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. पानांची माळ करून त्यांनी गळ्यात घातली आणि चांगली चटई सोडून रखवालदाराच्या खोलीतली फाटकी कमरेला गुंडाळली. आमच्यात माफीसाठी ज्याच्यापुढे डोकं ठेवायचं त्याच्या दारात असंच जातात.

मी आधी डॉक्टर प्रिंगलना गाठलं. त्यांनी ऐकून घेतलं, चष्मा काढला, डोळे चोळले.

"मग मला त्या मुलाला न्यावं लागेल. त्याची जुनी चित्रं आहेत आणि तो बिघडत चाललाय हे मला दिसतंय. हिचं नाव पुढच्या वर्षीसाठी पहिलं लिहितो."

"पुढच्या वर्षापर्यंत ती..."

"मला माहीत नाही. तेच तर त्या चित्रातून कळणार होतं."

व्हरांड्यात पोचले तेव्हा बाबा अनासेइनीच्या चटईपुढे फरशीवर मांडी घालून बसले होते, डोकं खाली. आत खाटेवर पेले उशीला टेकून बसली होती आणि खिडकीतून बघत होती. बाबांनी सांगून टाकलं होतं बहुतेक, कारण अनासेइनीचा बाजारातला आवाज परत आला होता.

"उठा, कितिओने. पानं काढा ती. कुणी बघितलं तर मला माफ करावं लागेल आणि आज मला ते करायचं नाहीये."

बाबा हलले नाहीत.

"देवाला घाबरून केलंत तुम्ही. तुमच्याकडे निदान काहीतरी कारण होतं." ती खाली बसली आणि त्यांच्या गळ्यातली माळ तिने स्वतःच ओढून काढली. माफ केलं म्हणून नव्हे. बघवेना म्हणून. मग तिने मला पाहिलं.

मी पुढे झाले. सगळं तयार होतं माझ्याकडे. बाबांनी न विचारता केलं. क्रेगने गुरुवारीच सांगायला हवं होतं. वीज कंपनीने नीट कळवायला हवं होतं. "अनासेइनी, मी वीज कंपनीला अर्ज केला होता गं. मला वाटलं..."

"दर सोमवारी तुला चिठ्ठी यायची म्हणे. काम पूर्ण झालं नाही म्हणून. तुझा बापच सांगत होता, तूच सांगितलंस त्याला."

"हो, पण ती..."

"पोरी, त्याने रविवारी बंद केलं." ती ओरडत नव्हती आता. "बाकीचे सहा दिवस तू काय करत होतीस?"

आतून पेलेने आईला हाक मारली. अनासेइनी उठून आत गेली. मी तिथेच उभी होते. बाबांनी फरशीवर पडलेली पानं एकेक करून गोळा केली आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "बस खाली." मी त्यांच्या शेजारी, त्या रिकाम्या चटईसमोर जमिनीवर बसले.